रँग्लर रघुनाथराव परांजपे

इ. स. १८७५ सालची गोष्ट. पावसाळा अजून पुरता सरला नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, समुद्रकाठी मुरूड नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावातून काही तरुण मुले पायी साताऱ्यास निघाली. त्या काळी मराठी शाळेत शिक्षक व्हावयाचे किंवा एखाद्या कचेरीत कारकुनी मिळवावयाची, तर मराठी सहाव्या इयत्तेची सार्वजनिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे, आणि ती परीक्षा काही गावोगावी होत नसे. गलबताने मुंबई गाठावी, तर समुद्र खवळलेला. तेव्हा कुंभार्ली घाट चढून साताऱ्याची वाट धरणे हाच एक उपाय उरला. अंगावर पाऊस, पायांखाली चिखल, अशा स्थितीत शंभर मैलांहून अधिक अंतर ही मुले चार दिवसांत तोडून गेली आणि परीक्षेच्या वेळेस साताऱ्यास हजर झाली.

त्यांतील एक मुलगा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने फार लाजाळू होता. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण झालेली असावीत असा नियम होता. मुलाचे वय नियमात बसत होते, शाळेचा दाखलाही त्याच्याजवळ होता. पण परीक्षामंडळाच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असा निर्णय दिला. दाखला हातात तसाच राहिला. चार दिवस चालून आलेला तो विद्यार्थी एकही प्रश्न न सोडवता मुरूडास परतला. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे ते हेच.

हा पाठ मात्र कर्व्यांच्या चरित्राचा नव्हे. कर्व्यांनी आपल्या घरी ठेवून ज्यास शिकविले, आणि ज्याने पुढे जगातील एका अत्यंत कठीण परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला, त्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे हे चरित्र आहे. परंतु साताऱ्याच्या परीक्षेची गोष्ट ठाऊक असल्यावाचून ते नीट उमगत नाही, म्हणून आरंभ तेथून केला.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी मुर्डी या गावी झाला. हे गाव आंजर्ल्याच्या शेजारी आहे. मुरूडही तेथून फार दूर नाही. मागे डोंगर, पुढे खाडी, मध्ये नारळीपोफळीच्या बागा, असा हा मुलूख दिसावयास रम्य. पण पोटास पुरेसे पिकविणारा नव्हे. बागांच्या उत्पन्नावर घर कसेबसे चाले. त्यामुळे हुशार मुलाने मराठी शाळा संपवावी आणि कोठेतरी चिकटावे, हीच कोकणातील बहुतेक घरांची रीत होती. मुलास मुंबईस ठेवून इंग्रजी शिकविण्याइतका पैसा फारच थोड्यांजवळ असे.

कर्वे हे परांजप्यांचे नातेवाईक. वयाने अठरा वर्षांनी वडील. मुंबईत स्वतः कष्टाने शिकून १८८४ मध्ये ते गणित हा विषय घेऊन बी. ए. झाले होते. शाळांतून आणि घरोघरी जाऊन ते गणित शिकवीत. भल्या पहाटे उठावयाचे, एका शिकवणीहून दुसऱ्या शिकवणीस मैलोगणती पायी जावयाचे, असा त्यांचा क्रम असे. मिळकत बेताचीच, पण तीतूनही काही भाग ते बाजूस ठेवीत. गावाच्या हितासाठी त्यांनी मुरूड फंड नावाचा निधी सुरू केला होता. मुर्डीचा हा मुलगा गणितात असामान्य आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी त्यास मुंबईस आपल्या बिऱ्हाडी आणले. तेथे मराठा हायस्कुलात रघुनाथ शिकू लागला. कर्वे त्याच शाळेत शिक्षक होते.

त्या काळची परीक्षापद्धती कशी होती, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. हिलाच लोक मॅट्रिक म्हणत. मुंबई इलाखा फार विस्तृत होता. सिंध, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटकाचा काही भाग अशा साऱ्या प्रदेशांतील मुले तीच प्रश्नपत्रिका सोडवीत. मुलगा कोणाचा, कोणत्या गावचा, त्याच्या अंगात कोट आहे की नाही, हे उत्तरपत्रिकेवरून दिसत नसे. साताऱ्यास कर्व्यांची परीक्षा तोंडाकडे पाहून झाली होती. येथे कागदाकडे पाहून होणार होती. गरिबांच्या मुलांस या पद्धतीचे जे आकर्षण वाटले, त्याचे कारण यातच आहे.

वरचे क्रमांक मिळविणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या असत. त्यांपैकी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. नाना शंकरशेट १८६५ मध्ये वारले; त्यांच्या स्मरणार्थ ती ठेवलेली. मॅट्रिकला संस्कृतात सर्वांहून अधिक गुण मिळविणाऱ्यास ती मिळे. १९१२ मध्ये ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी मिळविली; तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर भारताचे अर्थमंत्री झाले. अशी शिष्यवृत्ती म्हणजे केवळ मानाचे बिरुद नव्हते. दरमहा हाती पडणाऱ्या त्या रुपयांवर खाणावळ, पुस्तके आणि पुष्कळदा घरचा काही खर्चही भागत असे. ती बंद झाली की शिक्षण बंद. न्यायमूर्ती रानडे कॉलेजात असता त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याविषयी स्पष्ट मत लिहिले. त्यावरून प्राचार्यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरली होती. तेव्हा गुणांवर मिळणारी वस्तू सर्वस्वी गुणांवरच टिकून राही असेही नाही.

१८९१ हे वर्ष या घराच्या जीवनात उलथापालथीचे ठरले. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई त्या वर्षी निवर्तली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी कर्व्यांना पुण्यास बोलाविले. गोखले हे एल्फिन्स्टन कॉलेजातील त्यांचे सहाध्यायी. फर्ग्युसन कॉलेजास गणिताचा प्राध्यापक हवा होता. कर्वे पुण्यास गेले, आणि रघुनाथरावही पुढील शिक्षणासाठी त्याच कॉलेजात दाखल झाले. मुंबईहून पुण्यास येणारी आगगाडी तेव्हाही घाट चढून तळेगाव, चिंचवड यांवरून येत असे. आज या पट्ट्यात चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली आहे. त्या वेळी खिडकीतून ज्वारीबाजरीची शेते दिसत. चिंचवडचे नाव मोरया गोसावींच्या मंदिरामुळे आणि चाकणचे नाव फिरंगोजी नरसाळ्याने लढविलेल्या किल्ल्यामुळे लोकांस ठाऊक होते. कारखान्याचा भोंगा कोणी ऐकला नव्हता.

फर्ग्युसन कॉलेज तेव्हा अवघे सहासात वर्षांचे होते. संस्थेजवळ पैसा नव्हता. पण शिक्षक असे होते की, त्यांच्या एकेकाच्या नावावर एखादे कॉलेज उभे राहावे. १८९२ पासून प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर होते. दम्याने जर्जर झालेला हा मनुष्य जे बुद्धीस पटत नाही ते कितीही जुने असले तरी मानू नये, असे निर्भयपणे सांगत असे. गोखले होते, कर्वे होते. संस्थेच्या आजीव सदस्यांचा वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याचा करार असे. अशा शिक्षकांच्या हाताखाली रघुनाथरावांची विद्यार्थिदशा गेली. आगरकरांच्या विचारांचा त्यांच्या मनावर जो ठसा उमटला, तो आयुष्यभर पुसला गेला नाही. ते अखेरपर्यंत कट्टर बुद्धिवादी राहिले.

याच काळात, ११ मार्च १८९३ रोजी, कर्व्यांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. ज्या गावासाठी त्यांनी निधी उभारला, त्या गावात त्यांच्या पंक्तीस बसावयास कोणी तयार होईना. सतरा वर्षांच्या रघुनाथरावांनी हे सारे जवळून पाहिले. अशा प्रसंगी विद्यार्थ्याचे लक्ष अभ्यासात राहणे किती कठीण असते, हे मी मुख्याध्यापक म्हणून अनेक घरांत पाहिले आहे. रघुनाथरावांचे लक्ष राहिले. बी. एस्सी.च्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात पहिले आले.

त्या काळी हिंदुस्थान सरकार विद्यापीठांतील अत्यंत गुणवान विद्यार्थ्यांस विलायतेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देत असे. साऱ्या देशात मिळून अशा शिष्यवृत्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रघुनाथरावांची तीसाठी निवड झाली आणि १८९६ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. मुर्डीच्या खाडीत होडी वल्हविणाऱ्या मुलांच्या गावाहून एकजण सातासमुद्रांपलीकडे गेला. समुद्रपर्यटन करणारा भ्रष्ट होतो असे मानणारे लोक तेव्हा पुण्यात पुष्कळ होते. पण वाळीत पडणे म्हणजे काय हे परांजप्यांनी घरच्या माणसाच्या उदाहरणावरून आधीच पाहिलेले होते.

जाण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. परत आल्यावर मी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य होईन आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवीन, असे वचन त्यांनी संस्थेस दिले. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना ना त्यांस होती, ना संस्थेस.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेस ट्रायपॉस म्हणतात. हे नाव एका तीन पायांच्या तिवईवरून पडले. पूर्वी तेथे परीक्षा तोंडी होत असे. तिवईवर बसलेल्या पदवीधराशी विद्यार्थ्याने वाद घालावयाचा. वाद घालणारा तो रँग्लर. पुढे परीक्षा लेखी झाली. तिवई गेली आणि वादही गेला, नावे तेवढी उरली. पहिल्या वर्गात येणाऱ्या साऱ्यांना रँग्लर म्हणत, आणि त्यांत जो पहिला येई तो सीनिअर रँग्लर. सर्व विद्यार्थ्यांचे क्रमांक लावले जात. सर्वांत शेवटच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यास त्याचे मित्र थट्टेने एक भला मोठा लाकडी चमचा भेट देत. इंग्लंडात सीनिअर रँग्लरचे नाव वर्तमानपत्रांतून झळके. त्याच्या गावी उत्सव होई.

परीक्षा अनेक दिवस चाले. काही प्रश्न पुस्तकांतील सिद्धान्तांवर असत, काही सर्वस्वी नवीन. बुद्धी तर हवीच; पण नुसती बुद्धी पुरत नसे. हात वेगाने चालला पाहिजे, पाठांतर पक्के पाहिजे, आणि कोणता प्रश्न सोडून पुढे जावयाचे हे क्षणात ठरविता आले पाहिजे. त्यासाठी तेथे खाजगी शिकवणारे असत. तालमीत वस्ताद जसे पठ्ठे तयार करतो, तसे हे गुरू विद्यार्थ्यांस जुन्या प्रश्नपत्रिकांवर घासून घासून तयार करीत. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणारी मुले सकाळी शाळेआधी जादा तासास येतात आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवितात, तोच हा प्रकार. मात्र तो तीन वर्षे, दररोज, आणि परक्या भाषेत. ज्या मुलांशी स्पर्धा, त्यांतील बहुतेक जण लहानपणापासून उत्तम शाळांतून याच परीक्षेचे शिक्षण घेत आलेले.

इकडे महाराष्ट्रावर तेव्हा मोठे संकट होते. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. साथ आवरण्यासाठी नेमलेला अधिकारी रँड याच्या कारभारात सोल्जर घराघरांत घुसले आणि लोक संतापले. २२ जून १८९७ च्या रात्री चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी आणि त्यांच्या भावाने रँडवर सूड उगविला. दामोदरपंतांना १८९८ च्या एप्रिलमध्ये फाशी झाली. वासुदेव आणि बाळकृष्ण हे दोघे भाऊ १८९९ च्या मे महिन्यात फाशी गेले. चिंचवडच्या एका घरातील तीन मुलगे असे गेले. केंब्रिजचा निकाल लागला तो याच्या पुढच्याच महिन्यात. रघुनाथराव ज्या पुण्यातून गेले होते, ते पुणे असे होते. आणि ज्या देशात बसून ते अभ्यास करीत होते, तो देश पुण्याकडे संशयाने पाहत होता.

जून १८९९. सेनेट हाउस नावाच्या सभागृहात निकाल मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा होती. विद्यार्थी खाली दाटीने उभे असत. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर दोन नावे होती. दोघांचे गुण सारखे धरून त्यांस जोडीने पहिले ठरविण्यात आले होते. एक नाव जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याचे. दुसरे परांजपे यांचे. याआधी १८७४ मध्ये बंगालचे आनंदमोहन बोस रँग्लर झाले होते. परंतु पहिला क्रमांक कोणाही भारतीयास तोवर मिळाला नव्हता.

तारेने ही बातमी हिंदुस्थानात पोहोचली, तेव्हा सर्वत्र आनंदाची लाट उसळली. त्या आनंदाचे मोल आज सहज कळणार नाही. हिंदी माणसाची बुद्धी पाठांतराची आहे, खऱ्या शास्त्रात ती चालत नाही, असे म्हणणारे इंग्रज अधिकारी तेव्हा थोडे नव्हते. त्यांना उत्तर एखाद्या व्याख्यानाने मिळाले नसते. ते त्यांच्याच विद्यापीठाने, त्यांच्याच परीक्षकांनी, त्यांच्याच प्रश्नपत्रिकेवर दिले. आणि कर्व्यांस काय वाटले असेल! दाराबाहेर उभ्या केलेल्या मुलाने घरी आणून शिकविलेला मुलगा आता सर्वांच्या पुढे उभा होता.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला क्रमांक म्हणजे सर्वश्रेष्ठ बुद्धी, असे समीकरण नाही. विजेच्या आणि चुंबकत्वाच्या शास्त्राचा पाया घालणारा मॅक्सवेल या परीक्षेत दुसरा आला होता. लॉर्ड केल्व्हिनही दुसराच आणि इलेक्ट्रॉनचा शोध लावणारा जे. जे. थॉमसनही दुसरा. त्यांच्या वर्षी पहिले कोण आले हे आज बहुतेकांस ठाऊक नाही. परांजप्यांच्या आदल्या वर्षी जी. एच. हार्डी नावाचा विद्यार्थी चौथा आला. क्रमांक लावण्याच्या या रीतीचा त्यास तिटकारा आला. शर्यतीच्या घोड्याप्रमाणे विद्यार्थी धावू लागतो आणि खरे गणित मागे राहते, असे त्याचे मत होते. पुढे त्याच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी ही रीत बंद झाली. क्रमवार यादी १९०९ मध्ये अखेरची लागली. याच हार्डीने पुढे मद्रासेच्या श्रीनिवास रामानुजन यांस केंब्रिजला नेले. रामानुजन यांना कॉलेजात प्रथम शिष्यवृत्ती मिळाली होती; पण गणितावाचून इतर विषयांकडे त्यांनी लक्ष दिले नाही, आणि ती गेली. कॉलेजची परीक्षा त्यांस उत्तीर्ण होता आली नाही. तरी १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परीक्षेच्या जाळ्यात मोठे मासे सापडतात हे खरे. पण काही मासे त्या जाळ्याहूनही मोठे असतात.

परांजपे यांनी स्वतः गणितात रामानुजनांसारखे नवे शोध लावले नाहीत. ते संशोधनात राहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न पुष्कळांनी केला आहे. त्याचे उत्तर त्यांनी वीस वर्षांचे असता दिलेल्या वचनात आहे. सेंट जॉन्स कॉलेजाने त्यांस आपले फेलो केले. इंग्लंडात प्राध्यापकी, हिंदुस्थानात सरकारी शिक्षणखात्यातील मोठ्या पगाराची जागा, असे मार्ग त्यांच्यापुढे मोकळे होते. फर्ग्युसनच्या आजीव सदस्याचे वेतन होते दरमहा पंचाहत्तर रुपये. कोणी त्यांस वचनातून मोकळे केले असते, तर त्यात अन्याय झाला असे कोणी म्हटले नसते. पण त्यांनी तशी मागणीच केली नाही. ते परत आले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते.

दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ते कॉलेज चालविले. केंब्रिजला ज्याच्या नावाची यादी सर्वांत वरून वाचली गेली, तो मनुष्य पुण्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवीत असे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढली, इमारती वाढल्या, आणि गणितासाठी फर्ग्युसनचे नाव झाले. रँग्लर ही पदवी पुण्यात एखाद्या उपाधीसारखी रूढ झाली. रघुनाथरावांनंतर गणेश सखाराम महाजनी आले. तेही केंब्रिजचे रँग्लर आणि फर्ग्युसनचे प्राचार्य. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर आणि त्यांचे पुत्र, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, हेही त्याच मालिकेतील. रघुनाथरावांची कन्या शकुंतला हीदेखील केंब्रिजला गणितच शिकली. मुलीस असे शिक्षण द्यावे हे त्या काळी सहज सुचणारे नव्हते; परंतु कर्व्यांच्या घरात वाढलेल्या माणसास ते सुचले, यात नवल नाही. कर्व्यांनी हिंगण्यास विधवांसाठी आश्रम उभारला आणि १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा परांजपे त्यांच्या पाठीशी होते.

१९२१ मध्ये रघुनाथराव मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. १९२३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा जो कायदा झाला, तो त्यांच्या कारकिर्दीतला. शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. गोखल्यांनी यासाठीच मध्यवर्ती कायदेमंडळात प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. शिष्याच्या हातून त्याचा काही अंश पुरा झाला. सरकारजवळ पैसा कमी होता, म्हणून कायद्याचा लाभ सर्व गावांस लगेच मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

त्यांच्या पुढील आयुष्यातील अधिकारपदांची यादी मोठी आहे. ती सारी येथे देण्याचे कारण नाही. १९३२ पासून सहा वर्षे ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९४४ ते १९४७ या काळात ते हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियात राहिले. राजकारणात ते मवाळ पक्षाचे होते. इंग्रज सरकारने त्यांस सर हा किताब दिला. टिळकांच्या आणि पुढे गांधींच्या मार्गाने जाणाऱ्या तरुणांना त्यांची मते पटत नसत, आणि त्यांनाही त्या तरुणांची पटत नसत. आपले मत लोकांस रुचेल की नाही याचा विचार करण्याची सवय त्यांस नव्हती. ही सवय नसणे गणितात उपयोगी पडते, निवडणुकीत पडत नाही.

१९५६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते, आणि तीन वर्षे त्यांनी ते काम केले. त्याच सुमारास पुण्याच्या उत्तरेस नवीनच जग जन्मास येत होते. पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना नुकताच सुरू झाला होता, आणि त्याच्या मागोमाग आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे यंत्रे येऊन पडू लागली. ज्या शेतांवरून एकेकाळी त्यांची आगगाडी धावली होती, तेथे कामगारांच्या वसाहती उठल्या. त्या वसाहतींतील मुले पुढे शिष्यवृत्तीच्या परीक्षांना बसू लागली. माझ्या वर्गात अशी किती मुले येऊन गेली! वडील रात्रपाळीस, आई कामावर, आणि मुलगा पुढच्या खोलीत अपूर्णांकांची उदाहरणे सोडवीत बसलेला.

१९५८ मध्ये कर्वे शंभर वर्षांचे झाले. त्या वर्षी भारत सरकारने त्यांस भारतरत्न ही सर्वोच्च पदवी दिली. साताऱ्यास ज्यांचे वय कमी दिसते म्हणून ज्यांना परत पाठविले होते, त्यांचे वय आता साऱ्या देशाने मोजले. १९६२ मध्ये ते वारले. रघुनाथराव तोवर स्वतः शहाऐंशी वर्षांचे वृद्ध झाले होते. आदल्या वर्षीच त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. क्रिकेटमध्ये बाद न झालेल्या फलंदाजाची धावसंख्या सांगतात, त्याच धर्तीवर त्यांनी त्याचे नाव 'एटी-फोर, नॉट आउट' असे ठेविले. त्या चौऱ्याऐंशीत आणखी सहांची भर पडली. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.